रक्षकाचा जमाखर्च

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. गोल करणाऱ्याचे नाव त्यात ठळकपणे असते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव मात्र त्याच्या हातून चूक घडली तरच येते. आपल्या घरांतही निराळे काय होते? स्वयंपाक रोज वेळेवर व रुचकर होतो, त्याची वाच्यता होत नाही. पण एखाद्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडले की ते साऱ्या घराला कळते. बचावफळीतल्या खेळाडूचे नशीब असेच असते. त्याच्या वहीत खर्चाची बाजू तेवढी लोक लिहितात. जमेची बाजू कोरीच राहते.

घाना देशाचा सॅम्युएल कुफूर हा अशाच वहीचा धनी. त्याचा जन्म 3 सप्टेंबर 1976 रोजी कुमासी येथे झाला. अशांती लोकांचे हे जुने राजनगर. पश्चिम आफ्रिकेतल्या असंख्य मुलांप्रमाणे चेंडूच्या मागे धावत तो वाढला आणि मिसरूड फुटण्याच्या वयात इटलीतील तुरिन शहरी, टोरिनो या क्लबच्या कुमार संघात दाखल झाला. 1992 साली बार्सिलोना येथील ऑलिंपिकमध्ये घानाच्या संघाने कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्या संघातल्या कुफूरला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. ज्या वयात आपली मुले मॅट्रिकच्या अभ्यासाला बसतात, त्या वयात हा मुलगा परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्या थंडीत आपली जागा शोधत होता.

1993 साली जर्मनीतील म्युनिक येथील बायर्न या नामांकित क्लबने त्याला आपल्याकडे घेतले. मोठ्या क्लबात प्रवेश मिळणे वेगळे आणि तेथे स्थान मिळणे वेगळे. 1995-96 च्या हंगामात त्याला न्यूरेंबर्गच्या संघाकडे उसना धाडण्यात आले. तो संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि त्याच वर्षी तेथूनही खाली घसरला. अशा ठिकाणी खेळून आलेला तरुण खचला असता तरी नवल नव्हते. कुफूर म्युनिकला परतला आणि चिवटपणे खेळत बचावफळीतला भरवशाचा गडी झाला. उंची बेताची, परंतु अंगात विलक्षण ताकद, झेप आणि वेग. प्रतिस्पर्ध्याला भिडताना मागेपुढे न पाहणारा, असा त्याचा खेळ होता.

मग 26 मे 1999 ची ती रात्र आली. युरोपातील चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, स्थळ पुन्हा बार्सिलोना. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बायर्नने सहाव्याच मिनिटाला गोल केला आणि ती आघाडी नव्वद मिनिटे राखली. चषक आता आपलाच, असे वाटत असताना, वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून मिळालेल्या तीन मिनिटांत कोपऱ्यावरून दोनदा चेंडू आला आणि दोनदा गोल झाला. पहिला शेरिंगहॅमचा, दुसरा सोल्स्कयारचा. कुफूर मैदानावर कोसळला आणि मुठींनी जमिनीवर आघात करीत रडू लागला. इटालियन पंच कोलिना यांनी बायर्नच्या कोसळलेल्या खेळाडूंना हाताला धरून उठविले, कारण सामना अजून काही क्षण उरला होता. ते दृश्य जगाने दूरदर्शनवर पाहिले, आणि अनेकांच्या मनात कुफूर म्हणजे ते दृश्य, एवढेच समीकरण उरले.

आम्हांला महत्त्व वाटते ते त्यापुढील दोन वर्षांचे. कुफूर त्याच क्लबात राहिला, त्याच जागी खेळत राहिला. 2001 च्या वसंतात बायर्नने उपान्त्यपूर्व फेरीत त्याच मँचेस्टर युनायटेडला नमविले. 19 मे रोजी जर्मन लीगच्या शेवटच्या सामन्यात, हँबुर्गविरुद्ध, अगदी अखेरच्या क्षणी झालेल्या गोलने बायर्नला विजेतेपद मिळाले. दोन वर्षांपूर्वी ज्या घटकेने हिरावून नेले, तीच घटका या वेळी देऊन गेली. त्यानंतर चारच दिवसांनी मिलान येथे व्हॅलेन्सियाविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. तो 1-1 असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर बायर्नने जिंकला. गोलरक्षक ऑलिव्हर कान याने तीन पेनल्टी अडविल्या, त्यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु दोन तास व्हॅलेन्सियाला दुसरा गोल करू न देणाऱ्यांत कुफूरही होता.

त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला टोकियो येथे युरोप व दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्या क्लबांची लढत झाली. अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सविरुद्ध निर्धारित वेळेत गोलच झाला नाही. जादा वेळेत, 109व्या मिनिटाला, पुढे गेलेल्या एका रक्षकाने गर्दीतून चेंडू जाळ्यात लोटला. तो कुफूर होता. त्या दिवशी वृत्तांतात त्याचे नाव चुकीसाठी नव्हे, गोलासाठी आले, आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला.

येथे कथा संपविता आली असती तर बरे वाटले असते. परंतु रक्षकाची वही अशी सुखासुखी मिटत नाही. 2005 साली तो म्युनिक सोडून रोमा क्लबाकडे गेला. पुढे लिव्होर्नो आणि आम्स्टरडॅमचा आयाक्स येथेही उसना खेळला. दरम्यान 2006 ची विश्वचषक स्पर्धा जर्मनीतच, म्हणजे ज्या भूमीवर त्याची उमेदीची वर्षे गेली तेथेच, भरली. 12 जूनला हानोव्हर येथे इटलीविरुद्ध त्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू तोकडा पडला, इयाक्विंताने तो हेरला आणि इटलीचा दुसरा गोल झाला. त्या स्पर्धेत घानाने पुढे मजल मारली; पण कुफूर पुन्हा मैदानावर उतरला नाही. एका तोकड्या पडलेल्या चेंडूची नोंद झाली. बारा वर्षांत वेळेवर अडविलेल्या चेंडूंची नोंद कोणी ठेवली?

आमच्या मते माणसाची पारख अखेरच्या तीन मिनिटांवर करू नये. मुठींनी जमीन बडविणारा तो तरुण आम्हांला दुबळा वाटत नाही. ज्याने जीव ओतला, त्यालाच असे रडू येते. आणि पुढच्या मोसमात पुन्हा त्याच जागी उभे राहण्याचे धैर्यही त्यालाच असते. आपल्या घरांत कोणी परीक्षेत, व्यवसायात वा संसारात अखेरच्या घटकेला हरून परतले, तर त्याच्या त्या घटकेची आठवण देण्यापूर्वी वहीतल्या कोऱ्या राहिलेल्या बाजूवर आपण चार ओळी लिहाव्यात. तेवढे आपल्या हाती निश्चित आहे.