फलक कोणाच्या हद्दीत?

घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर १३ मे २०२४ रोजी वादळात कोसळलेल्या जाहिरातफलकाने १७ जीव घेतले. ४० फूट लांब, ४० फूट रुंद ही मुंबई महापालिकेची मर्यादा. हा फलक दोन्ही बाजूंनी तिच्या निदान तिप्पट होता. जागा लोहमार्ग पोलिसांची, सबब पालिकेच्या परवान्याचे कारण नाही, असा पवित्रा त्यामागे होता. पुण्यातही ५ ऑक्टोबर २०१८ रोजी रेल्वेच्याच जागेतील फलकाचा सांगाडा काढला जात असता तो भर चौकात वाहनांवर पडला व ४ माणसे दगावली. म्हणजे प्रश्न वाऱ्याचा जितका, तितकाच हद्दीचा आहे.

तो आमच्या शहरासही चुकलेला नाही. रेल्वेस्थानकाची जमीन रेल्वेची, मध्यवर्ती बसस्थानक एस. टी. महामंडळाचे, बाहेरचा रस्ता महापालिकेचा; वैशाखातील वावटळ मात्र सातबारा पाहून सुटत नाही. फलकांपासून उत्पन्न मिळते, हे आम्हांस मान्य आहे. पण उतारूंनी उभे राहावयाचे तेथेच ते उभारावेत काय? (वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून तर उत्पन्नही बहुधा नसते!) जमीन कोणाचीही असो, फलकाचा आकार व बळकटी तपासण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांकडेच असावा, परवान्याचा क्रमांक आणि अभियंत्याच्या तपासणीची तारीख फलकावरच, खालून वाचता येईल अशी लिहावी. ज्यावर ती नसेल तो फलक पावसाळ्यापूर्वी उतरवावा आणि त्याचा खर्च जागामालकाकडून वसूल करावा, मग तो मालक सरकारी असला तरी.