सपोर्टवाले कुठपर्यंत येतात?



जून महिन्यात प्राथमिक शाळेच्या ऑफिसात काय गडबड असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चौथीची मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जायची असतात, दाखल्यासाठी पालक दारात उभे असतात. आमच्या तेव्हाच्या शाळेत दाखले संगणकावरून निघायचे. माझ्या आधी तिथे असलेल्या एका सरांनी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये छान डेटाबेस बनवला होता. रजिस्टर नंबर टाकला की नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, सगळं भरून दाखला तयार. केंद्रप्रमुख आले की आम्ही कौतुकाने दाखवायचो.

त्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फाईलवर डबल क्लिक केलं, तर फाईल उघडेना. डेटाबेसचा फॉरमॅट ओळखता येत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. समोर एका मुलाचे वडील उभे होते. ट्रकवर ड्रायव्हर. म्हणाले, "बाई, मी उद्या गाडी घेऊन निघतो, आठ-दहा दिवस येत नाही. तिकडं प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार हाय."

तुम्ही म्हणाल, रजिस्टर बघा आणि हाताने दाखला लिहा. तिथेच तर घोळ होता. हा मुलगा डिसेंबरमध्ये आमच्याकडे आला होता, आणि दिवाळीनंतरच्या प्रवेशांच्या नोंदी आम्ही फक्त संगणकात केल्या होत्या. "रजिस्टर सुट्टीत निवांत लिहू" असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होते.

मग सुरू झाली फोनाफोनी. त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते डीएडच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, आणि एमएससीआयटीतही नाही. म्हणून आज लिहितेय.

पहिला फोन संगणक विकणाऱ्या दुकानदाराला. आमच्याकडे त्यांचं वार्षिक देखभालीचं कंत्राट होतं, ज्याला आपण एएमसी म्हणतो. मुख्याध्यापकांचा ठाम समज होता की एएमसी आहे म्हणजे सगळं त्यात आलं. दुकानातला मुलगा भला, लगेच आला. संगणक चालू, हार्ड डिस्क ठीक, विंडोज ठीक. म्हणाला, "मॅडम, मशीनमध्ये काही नाही. फाईलचं आमच्याकडे येत नाही." आम्ही कंत्राटाचा कागद काढून पहिल्यांदाच नीट वाचला. खरंच, त्यात यंत्राचे भाग आणि विंडोज टाकून देणं एवढंच होतं.

दुसरा फोन, ज्यांच्याकडून ऑफिस सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांच्या हेल्पलाइनला. तिकडच्या ताईंनी विचारलं, आवृत्ती कोणती, ॲक्टिव्हेशन आहे का, नवीन रिकामी फाईल तयार होते का, आमची सोडून दुसरी ॲक्सेस फाईल उघडते का. नवीन फाईल होत होती, दुसरीही उघडत होती. त्या म्हणाल्या, म्हणजे सॉफ्टवेअर व्यवस्थित चाललंय. फाईलची एक प्रत करा, प्रतीवर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवून बघा. नाही झालं तर नवीन रिकाम्या डेटाबेसमध्ये जुन्यातले तक्ते इम्पोर्ट होतात का बघा. तेही नाही झालं तर बॅकअप. "मॅडम, आतला डेटा आणि तुमच्या सरांनी बनवलेले फॉर्म, ते आमच्या सपोर्टमध्ये येत नाहीत."

मला त्या क्षणी भयंकर राग आला. पैसे घेतलेत ना तुम्ही? मग आता हात वर कसे करता? पण दोन दिवसांनी शांत डोक्याने विचार केला तेव्हा पटलं की त्या ताई बरोबर होत्या.

हे मी वर्गातल्या भाषेत सांगते. वही विकणारा काय करेल? पानं फाटकी निघाली, शिलाई उसवली, तर वही बदलून देईल. वहीतलं गणित चुकलं तर तो सोडवून देणार नाही. वही पावसात भिजली तर आतला अभ्यास परत लिहून देणार नाही. डेटाबेसच्या सॉफ्टवेअरचं अगदी तसंच आहे. सॉफ्टवेअर संगणकात टाकताना अडलं, ॲक्टिव्हेट होत नाही, एखादं बटण जे काम करायला हवं ते करत नाही, अपडेटनंतर काही बिघडलं, ही त्यांची जबाबदारी. एखादी गोष्ट कशी करायची, क्वेरी कुठून उघडायची, एवढं बहुतेक जण सांगतात. पण कोणते तक्ते करायचे, ते एकमेकांना कसे जोडायचे, दाखल्याचा नमुना कसा मांडायचा, आत कुणी कोड लिहिला असेल तर तो दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम नाही. त्यासाठी वेगळा माणूस पैसे देऊन बोलवावा लागतो. आणि हरवलेला डेटा परत आणण्याची हमी तर कुणीच देत नाही.

आपली पंचाईत अशी होते की वर्ड किंवा एक्सेलमध्ये या तिन्ही गोष्टी, म्हणजे यंत्र, सॉफ्टवेअर आणि आपलं काम, डोळ्यांना वेगळ्या दिसतात. ॲक्सेसमध्ये तसं होत नाही. सरांनी बनवलेला फॉर्म इतका 'सॉफ्टवेअरसारखा' दिसायचा, वर शाळेचं नाव, खाली रंगीत बटणं, की आम्हाला वाटायचं हे सगळं कंपनीचंच आहे.

फाईल बिघडली कशाने, हेही सांगते, कारण तुमच्याही शाळेत हे रोज घडत असेल. आम्ही फाईल पेनड्राइव्हवरूनच उघडून काम करायचो आणि घंटा झाली की पेनड्राइव्ह उपसून पर्समध्ये! ॲक्सेसची फाईल उघडी असताना तिच्या शेजारी एक छोटी लॉक फाईल तयार होते, काम संपवून नीट बंद केलं की ती आपोआप जाते. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह ओढला किंवा लाईट गेली, तर फाईल अर्धवट राहू शकते. शिवाय सरांनी प्रत्येक मुलाचा फोटो त्याच फाईलमध्ये टाकला होता. ॲक्सेसच्या एका फाईलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. मोबाईलवर काढलेले फोटो तसेच्या तसे टाकत गेलात तर ती मर्यादा फार लांब नाही. ह्यातल्या एकाही गोष्टीसाठी मी हेल्पलाइनला दोष देऊ शकत नाही.

अजून एक गोष्ट, जी मराठी शाळांनाच जास्त नडते. आमच्या फाईलमधली जुन्या वर्षांची नावं युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. अशा फॉन्टमध्ये स्क्रीनवर 'गणेश' दिसतं, पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे सगळा कचरा दिसतो. नावांची यादी क ते ज्ञ अशी लावायला सांगितली तर ती त्या आतल्या चिन्हांप्रमाणे लागते आणि आपण म्हणतो, सॉफ्टवेअर मराठीत चुकतं! ॲक्सेस २००० पासून युनिकोड चालतं. त्याआधीचा किंवा त्या सवयीने भरलेला डेटा बदलून घेणं हे आपलंच काम. कुठलाही सपोर्ट ते करून देणार नाही.

आणि सपोर्टला तारीख असते बरं का! दुधाच्या पिशवीवर असते तशी. ऑफिस २०१० चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला संपला. २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्याच दिवशी विंडोज १० चाही. जुन्या सरकारी आणि खासगी ऑफिसांतल्या लोकांना फॉक्सप्रो आठवत असेल, त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच संपला. तारीख उलटली म्हणून सॉफ्टवेअर बंद पडत नाही, म्हणून तर आपण गाफील राहतो. फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. आणि खूप मागे राहिलात तर वेगळीच अडचण. ॲक्सेस ९७ मधली फाईल ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या उघडतच नाहीत. मधल्या एखाद्या आवृत्तीतून आधी बदलून घ्यावी लागते, आणि ती मधली आवृत्ती आता शोधणार कुठे?

मग फुकटचं वापरू, असं काही मित्र म्हणतात. जरूर वापरा. लिबरऑफिसमध्ये बेस नावाचा डेटाबेस आहे, मी घरी वापरते. पण तो बनवणारी संस्था वापरणाऱ्याला फोनवर मदत देत नाही. जगभरचे हौशी लोक वेळ मिळेल तशी उत्तरं देतात, किंवा पैसे देऊन कुणाकडून तरी सपोर्ट घ्यावा लागतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारच्या आत उत्तर मिळेल असं कुणी सांगू शकत नाही.

पालकहो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे. अडचणीत असताना माणूस घाईघाईने इंटरनेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधतो, आणि वरच दिसणारा नंबर खऱ्या कंपनीचा असेलच असं नाही. पलीकडचा गोड बोलतो, एनीडेस्क टाकायला लावतो आणि संगणक त्याच्या ताब्यात जातो. खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एरर संदेशात कधीही फोन नंबर नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. शाळेच्या फाईलमध्ये तुमच्या मुलाची जन्मतारीख, जात, आधार, तुमचा मोबाईल, सगळं असतं. आमच्या शाळेत एक सर म्हणाले होते, "फाईलच मेल करून टाकू ना त्यांना." मी नको म्हणाले. खरा सपोर्टवाला असला तरी त्याला दाखवायला चार-पाच खोट्या नावांची नमुना फाईल करावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालकच धरला आहे. आपली तर सगळीच मुलं त्यात आली. शाळेला हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, संकोच करू नका.

आता माझं खरं म्हणणं. शाळेतला खरा टेक्निकल सपोर्ट कोण असतो? दुकानदार नाही, हेल्पलाइन नाही. तो असतो आपला एखादा 'तंत्रस्नेही' शिक्षक. प्रिंटर अडला, बोलवा सरांना. पोर्टलवर माहिती भरायची, सरांना द्या. वर्ग कुणी बघायचा? तो वेळ तासिकांच्या वेळापत्रकात कुठेच नसतो. आणि त्याची बदली झाली की सपोर्ट संपला, कुठलीही तारीख जाहीर न करता. आमच्या सरांना मी रात्री फोन केला. ते दुसऱ्या तालुक्यात, त्यांची स्वतःची शाळा, स्वतःचे दाखले. तरी तासभर बोलले. फाईलला पासवर्ड होता, तो त्यांनाही आठवायला दहा मिनिटं लागली. कुठे लिहून ठेवला होता का? नाही. कुणी मागितलाच नव्हता.

कौतुकाचं प्रमाणपत्र देऊन एकाच माणसाच्या डोक्यात अख्खी शाळा ठेवायची, हे मला मान्य नाही. ज्याने डेटाबेस केला त्याच्याकडून बदलीच्या वेळी वर्गाचा चार्ज घेतो तसा त्याचाही लेखी चार्ज घ्यायला हवा. पासवर्ड, फाईल कुठे आहे, बॅकअप कुठे आहे, कोणता तक्ता कशाचा. चार्ज यादीत डेडस्टॉकची तुटकी खुर्ची नोंदवतो आपण, हे का नाही? आणि हे काम करणाऱ्याला आठवड्यातून दोन तासिका मोकळ्या द्याव्यात. मोफत सेवा म्हणून हे चालत राहिलं तर हुशार शिक्षक हळूहळू 'मला येत नाही' म्हणायला लागतील. काही जण म्हणायला लागलेतच, मी नावं घेत नाही!

त्या फाईलचं काय झालं? दुरुस्ती झाली नाही. इम्पोर्ट करून काही तक्ते आले, मुख्य तक्ता अर्धाच आला. बॅकअप होता दिवाळीच्या सुट्टीतला. त्या मुलाच्या आधीच्या शाळेचा दाखला आवक दाखल्यांच्या गठ्ठ्यात सापडला, आमच्या शिपाई मावशींनी शोधला. त्यावरून रजिस्टरला नोंद केली आणि मी हाताने दाखला लिहिला. वडील तोवर गाडी घेऊन गेले होते. गुरुवारी दुपारी आई आली, अंगठा नाही, सही करून घेऊन गेली.

आता नव्या शाळेत रजिस्टर आधी लिहिते, मग संगणक. दर शनिवारी शाळा सुटली की फाईल बंद करून तिच्या दोन प्रती, एक ऑफिसच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक मुख्याध्यापकांकडे. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघते, कारण न उघडणारा बॅकअपही मी पाहिलाय. संगणकाशेजारी शंभर पानी वही दोरीने बांधून ठेवली आहे, त्यात पहिल्या पानावर कुणाला कशासाठी फोन करायचा ते लिहिलंय. दुकानदाराच्या नावापुढे कंसात 'फक्त मशीन'.