सोनोग्राफी नॉर्मल, मग पोरगी नाटक करते का?

"रिपोर्ट नॉर्मल आहे, काही झालेलं नाही." तालुक्याच्या गावात पाळीच्या दुखण्याचा विषय बहुतेक वेळा या वाक्यावर मिटतो. पोरगी दर महिन्याला दोन दिवस आडवी पडते, शाळा बुडवते, उलट्या करते. पण कागदावर नॉर्मल आलं ना, मग नाटक! वर आत्या-मावश्यांचा सल्ला तयारच: लग्न झालं की थांबेल.

एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना, जगभरात १९ कोटींना तो आहे. म्हणजे आपल्या गल्लीतही असणारच.

आता गंमत बघा. अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ होते, तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. ती सोनोग्राफीत सहसा दिसते. पण अशी मोठी गाठ असलेल्या काही बायकांना फारसं दुखतच नाही. मूल होत नाही म्हणून तपासायला जातात तेव्हा कळतं. उलट पोटाच्या आतल्या पडद्यावर बारीक ठिपके असतात, ते सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. पण तेवढ्यानेही बाई गडाबडा लोळू शकते. तिसरा प्रकार खोल रुतणारा: गर्भाशयामागे, आतड्याजवळ. यात पाळीत शौचाला आणि एरवी संबंधाच्या वेळी जीवघेणं दुखतं. हे कुठल्या सासूला सांगणार? साध्या सोनोग्राफीत हाही निसटतो; सरावलेला डॉक्टर किंवा एमआरआय लागतो.

शस्त्रक्रियेत आजार बघून त्याच्या चार पायऱ्या ठरवतात. त्या पायऱ्यांचा आणि वेदनेचा मेळ बसत नाही. पहिल्या पायरीवरची बाई असह्य दुखण्यात, चौथ्या पायरीवरची शांत, असं सर्रास होतं. मग "थोडंच आहे, एवढं कसं दुखेल" हा प्रश्नच चुकीचा.

दुसरं टोक तर भयंकर आहे. सारखं दुखतंय? पिशवी काढून टाका! बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्या सगळ्यांना हा आजार होता असं मी म्हणत नाही. पण दुखण्यावर पिशवी काढण्याची घाई आपल्याकडे किती, ते तेव्हा दिसलं. आणि हा आजार तर पिशवीच्या बाहेर असतो. पिशवी गेली आणि ते डाग राहिले, तर दुखणं राहू शकतं.

२०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात की तपासणीत काही दिसलं नाही म्हणून हा आजार नाही असं धरू नका. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. कधी दुखतं, कुठे दुखतं, शौचाला दुखतं का, शाळा किती दिवस बुडते, एवढं विचारायला ग्रामीण रुग्णालयात पाच मिनिटं मिळाली पाहिजेत. शाळांतल्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन बघता ना? त्याच कागदावर हे चार प्रश्न छापा.