दिंडीमागची ट्रॉली

परदेशातली आमची भाचरं मोटारीमागे चाकांवरचं घर ओढत फिरतात. आमच्याकडचं चाकांवरचं घर म्हणजे दिंडीमागची ट्रॉली. मिरजेकडून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या सांगोल्यावरून जातात, तेव्हा या ट्रॉल्या दिसतात. लोखंडी कमानींवर ताडपत्री. आत शिधा, शेगडी, अंथरुणं. पताका झकास, पण कित्येकींना मागे लाल दिवासुद्धा नाही!

मंडळी, अशा ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ती ट्रॅक्टरलाच ढकलते. म्हणून उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक शेतात वेगवेगळे वापरतात, रस्त्यावर मात्र ते एकत्र जोडलेलेच हवेत. नाहीतर एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. दोनचाकी ट्रॉलीत पाण्याची टाकी अगदी मागे ठेवली, तर पुढचं टोक उचलतं नि ट्रॉली डोलू लागते. जोडाच्या पिनेऐवजी सळईचा तुकडा तर नकोच.

वर्गणीतून नव्या ताडपत्रीआधी साखळी नि रिफ्लेक्टर घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि थकलेल्या आजीला सामानावर बसवू नका, एसटीचं तिकीट काढून द्या.