विश्लेषण : नावातली ‘गर्ल’ गेली! ‘आयडल’चं नवं गाणं नेमकं काय सांगतंय?

के-पॉपमधला पाच जणींचा ग्रुप ‘(जी)आयडल’ आता फक्त ‘आयडल’ झाला आहे. पदार्पणाला सात वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, म्हणजे 2 मे 2025 रोजी, ग्रुपने नावातला कंस आणि त्यातलं ‘जी’ काढून टाकलं. हा ‘जी’ म्हणजे गर्ल. पाठोपाठ 19 मे रोजी ‘वी आर’ हा मिनी अल्बम आणि त्यातलं ‘गुड थिंग’ हे मुख्य गाणं आलं. जुन्या व्हिडीओ गेमची आठवण करून देणारा रेट्रो साउंड, ऑटोट्यूनचा भरपूर वापर आणि तोंडावर सुनावणारे शब्द. पोरी मोठ्या झाल्या, असं कौतुक होतंय. पण मोठ्या झाल्या म्हणजे काय झालं?

नावाची गंमत

कोरियन भाषेत ‘आइ’ म्हणजे मूल आणि ‘दुल’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. मराठी माणसाला हे ऐकून हसू येईल. ग्रुपने त्यात इंग्रजी ‘आय’ मिसळला आणि ‘अनेक मी’ असा अर्थ लावला. त्यामागे ‘मुली’ असं लेबल कंसात चिकटवलेलं होतं. 2018 मध्ये पदार्पण झालं तेव्हा सर्वात लहान शुहुआ 18 वर्षांची होती. नाव बदललं तेव्हा, 2025 मध्ये, पाचही जणी 25 ते 28 वयाच्या होत्या. लेबल काढणं साहजिकच होतं. पण अ‍ॅपचा लोगो बदलला म्हणून आतला कोड बदलतोच असं नाही. म्हणून नावापलीकडे बघायला हवं.

सात वर्षांची साडेसाती

2009 मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या गाजलेल्या ग्रुपचे तीन सदस्य 13 वर्षांच्या कराराविरोधात कोर्टात गेले. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने नमुना करार आणला आणि मुदतीला सात वर्षांची मर्यादा घातली. कलाकारांना यातून संरक्षण मिळालं, पण सातव्या वर्षी ग्रुप फुटण्याचा पायंडाही पडला. ‘फोर मिनिट’, ‘टूएनईवन’, ‘सिस्टार’ हे ग्रुप साधारण याच टप्प्यावर संपले. त्यातला ‘फोर मिनिट’ तर ‘आयडल’च्याच कंपनीचा, क्यूब एंटरटेनमेंटचा.

‘आयडल’चंही तसंच होणार, अशी धाकधूक चाहत्यांना होती. ऑगस्ट 2024 मध्ये सोलच्या कॉन्सर्टमध्ये लीडर सोयॉनने रॅपमधूनच करार संपत असल्याचा उल्लेख केला आणि खळबळ उडाली. वर्षअखेरीस मात्र पाचही जणींनी पुन्हा सही केल्याचं जाहीर झालं. पहिली सही नवख्या मुलींची होती. दुसरी सही करताना आपली बाजारातली किंमत काय, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

कपडे की क्रेडिट?

के-पॉपमध्ये ‘मॅच्युअर कॉन्सेप्ट’ हा ठरलेला फॉर्म्युला आहे. आधी शाळेचा युनिफॉर्म आणि गोडगोड हसू, मग दोन-तीन वर्षांनी गडद लिपस्टिक आणि तोकडे कपडे. दोन्ही वेळा निर्णय बहुतेकदा कंपनीचाच असतो. मुलगी मोठी होत नाही, फक्त पॅकिंग बदलतं.

‘आयडल’चा रस्ता थोडा वेगळा आहे. ‘लाटाटा’ या पहिल्याच गाण्याच्या लेखनात सोयॉन होती. सहापैकी एक सदस्य 2021 मध्ये बाहेर पडली आणि ग्रुपचं भवितव्य टांगणीला लागलं. तेव्हा मार्च 2022 मध्ये ‘टॉमबॉय’ने त्यांना पुन्हा उभं केलं. ते गाणंही सोयॉनच्याच लेखणीतून आलेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘न्यूड’ आलं. नाव वाचून भलत्याच अपेक्षेने क्लिक करणाऱ्यांचीच त्यात टर उडवली आहे. सोबत बिझेच्या ‘कार्मेन’ ऑपेराची धून आणि मेरिलिन मन्रोची छाया. तिला फक्त शरीर म्हणून बघितलं गेलं, हा धागा त्यांनी अचूक पकडला.

सगळंच जमलं असं नाही. जानेवारी 2024 मध्ये आलेलं ‘वाइफ’ हे गाणं केबीएस या सार्वजनिक वाहिनीने आक्षेपार्ह शब्दांमुळे प्रसारणास अयोग्य ठरवलं. ‘धाडसी’ आणि ‘फक्त खळबळजनक’ यातली रेषा इथे पुसट झाली, हे चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. पण ती चूक असेल तर ती त्यांची स्वतःची होती, कुणी त्यांच्या गळ्यात बांधलेली नव्हती.

मग नवं काय?

‘गुड थिंग’ हे काही त्यांचं सर्वात दमदार गाणं नाही. खरी बातमी अल्बममध्ये आहे. ‘वी आर’च्या गीतलेखनात किंवा संगीतात पाचही जणींचा हात आहे. आतापर्यंत मुख्य भार सोयॉनवर असायचा. आता कोरियाच्या मियॉन आणि सोयॉन, थायलंडची मिनी, चीनची युची आणि तैवानची शुहुआ, या पाचही जणींची नावं क्रेडिटमध्ये आहेत. कंस गेला त्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

इथे कोवळ्या वयात, अनेकदा शाळकरी असतानाच मुली ट्रेनी होतात. काय खायचं, केस कसे ठेवायचे, हेही अनेकदा दुसरेच ठरवतात. अशा ठिकाणी आपल्या गाण्यातलं वाक्य आपण लिहिणं, हे मोठं होण्याचं लक्षण आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी फीडमध्ये एखाद्या ग्रुपचा ‘मॅच्युअर अवतार’ दिसला, तर फोटोवर थांबू नका. जरा खाली स्क्रोल करा आणि गाणं कुणी लिहिलंय ते बघा.