सुकाणूवरचे भय

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली तुच्छतेची: हा वेळ दवडण्याचा उद्योग, त्याचा साहित्याशी काय संबंध? दुसरी समर्थनाची, आणि ती अलीकडे वाढते आहे: आता गेममध्येही कथानक असते, पात्रे असतात, संवाद असतात, मग त्यांना कादंबरीच्या पंगतीला बसवण्यास हरकत काय? आम्हांस यांपैकी दुसरी प्रतिक्रिया अधिक अडचणीची वाटते. पाहुण्याला पंगतीचे आमंत्रण द्यायचे, पण त्याने आपल्याच घरचे कपडे घालून यावे अशी अट घालायची, असा हा प्रकार आहे.

निमित्त सांगावयास हवे. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी ‘सबनॉटिका’ हा गेम निवडला होता. तिच्या विभागाने विषय नाकारला. ‘हे साहित्य नव्हे’ एवढे एकच कारण देऊन. तिचा आराखडा आम्ही नंतर वाचला. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली अशी त्याची प्रकरणे होती. नकार चुकीचा होता याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या आराखड्याच्या बळावर तिची बाजू लढवणेही अवघड होते. कारण कथानक आणि भाषाशैली याच त्या गेमच्या लंगड्या बाजू आहेत.

‘अननोन वर्ल्ड्स’ या अमेरिकन संस्थेचा हा गेम जानेवारी २०१८मध्ये पूर्णरूपात प्रसिद्ध झाला. ‘अरोरा’ नावाचे अंतराळयान एका जलमय ग्रहावर कोसळते. वाचलेल्या एकाने समुद्रातून अन्न, पाणी, धातू गोळा करीत जगायचे, हळूहळू खोल जायचे आणि अखेरीस सुटकेचा मार्ग शोधायचा. वाटेत मिळणाऱ्या नोंदी कंपनीच्या माहितीपत्रकासारख्या कोरड्या आहेत. शेवटी घरी परतणाऱ्या नायकाला कंपनी वापरलेल्या साधनसामग्रीपोटी एक लाख कोटींचे बिल धाडते, हा विनोद मात्र झकास आहे. गेमपाशी नकाशा नाही, बंदूकही नाही. २०१२च्या डिसेंबरात अमेरिकेतील सँडी हूक शाळेत झालेल्या हत्याकांडाच्या पार्श्वभूमीवर आपण बंदुका टाळल्या, असे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी स्वतः सांगितले आहे. या निर्णयाचे खरे फलित दिसते ते ‘सायक्लॉप्स’ या पाणबुडीत.

सुमारे ५४ मीटर लांबीची ही पाणबुडी आयती मिळत नाही. सागरतळावर विखुरलेले तिचे अवशेष (सुकाणूकक्षाचे, कवचाचे, इंजिनाचे) हुडकून त्यांवरून आराखडा जुळवावा लागतो. पुढे ती खेळणाऱ्याचे घरच होते. तिच्यात कपाटे ठेवता येतात, पलंग टाकता येतो, कुंड्यांत रोपे लावता येतात. आणि हे घर सुकाणू धरून अंधारात न्यायचे असते. मूळ कवच ५०० मीटरपर्यंतचा दाब सोसते. टप्प्याटप्प्याने बळकटी दिल्यास ९००, १३०० आणि १७०० मीटर. वेग तीन. सर्वांत जास्त वेगाने इंजिन तापते, आग लागते. वेग वाढला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की खोल पाण्यातली अजस्र जनावरे चाल करून येतात. टॉर्पेडो नाहीत. जनावराला चकवण्यासाठी बाहेर सोडायचे एक आमिष आहे, आवाज दाबून चालण्याची एक सोय आहे (तिला वीज फार लागते), आणि अखेरचा उपाय म्हणजे इंजिन बंद करून निमूट थांबणे. कवचाला भेग पडलीच, तर सुकाणू सोडून, बाहेर काळ्या पाण्यात उतरून ती स्वतःच सांधावी लागते.

पाणबुडी म्हटल्यावर साहित्याच्या विद्यार्थ्याला आठवते ती ज्यूल व्हर्नची ‘नॉटिलस’. भा. रा. भागवतांच्या कृपेने व्हर्न आमच्या पिढीला शाळकरी वयातच मराठीतून भेटला. ‘नेमो’ याचा लॅटिनमध्ये अर्थ ‘कोणीही नाही’. आणि ओडिसी महाकाव्यात ओडिसियस आपले नाव ‘कोणीही नाही’ असे सांगून ज्या एकाक्ष राक्षसाला फसवतो, तो सायक्लॉप्स. व्हर्नच्या कप्तानाचे आणि या गेममधल्या पाणबुडीचे नाव असे एकाच प्रसंगाच्या दोन टोकांना बांधलेले आहे. गेमकर्त्यांनी हे जाणून केले की नाक्यावरच्या भल्या मोठ्या काचेच्या घुमटाकडे पाहून सहज सुचले, या वादात आम्ही पडत नाही.

मुद्दा वेगळा आहे. व्हर्नच्या कादंबरीत वाचक प्राध्यापक अरोनॅक्ससोबत असतो, म्हणजे प्रवासी असतो; खरे तर बारा हजार ग्रंथांच्या ग्रंथालयात मोकळे सोडलेला कैदी. समुद्र त्याला दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसतो. एके ठिकाणी मात्र, तांबड्या समुद्रातून सुएझखालच्या भुयारात शिरताना, नेमो स्वतः सुकाणू हाती घेतो आणि अरोनॅक्सला सुकाणूकक्षात येऊ देतो. तेथे त्याला दिसते काय? दोन्ही बाजूंच्या खडकांवर वेगाने उमटणाऱ्या उजेडाच्या रेघा. वीस मिनिटांच्या आत भुयार पार होते, वाचकाच्या हिशेबी दोनएक परिच्छेदांत. अरोनॅक्सची छाती धडधडते आणि आपण ती धडधडते असे वाचतो.

‘सबनॉटिका’त ‘लॉस्ट रिव्हर’ नावाची खोल गुहांची रांग आहे. तिच्यात सायक्लॉप्स न्यायची म्हणजे तेच भुयार, पण नेमोच्या जागी आपण. मंद वेग धरायचा, बाहेरच्या कॅमेऱ्यांतून खालचा कडा पाहायचा, नाक अर्धा हात वळवायचे, थांबायचे. यातून जे भय उपजते त्याला आपल्या काव्यशास्त्रात काय म्हणावे, हा आमचा खरा प्रश्न आहे.

अभिनवगुप्तांनी रससूत्राचे विवेचन करताना शाकुंतलातील दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. त्या हरणाचे भय आपल्याला प्रतीत होते ते ‘मी भ्यालो’ असे नव्हे, ‘तो भ्याला’ असेही नव्हे. देश, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनातून सुटलेले निखळ भय. हे साधारणीकरण झाले तरच भयानक रस. एरवी नुसतीच भीती. या कसोटीवर गेमवरचा आक्षेप फार भक्कम ठरतो. खेळणारा प्रेक्षक नसतोच, तो स्वतःच हरीण असतो. त्याचे भय ‘माझे’ असते आणि जे ‘माझे’ आहे त्याचा आस्वाद कसा घेणार?

याच गेममधल्या ‘सीमॉथ’ या चिमुकल्या एकआसनी वाहनापुरता हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गढूळ पाण्यातून रीपर नावाचे जनावर एकाएकी पुढ्यात येते आणि वाहन जबड्यात धरते, तेव्हा माणूस दचकतो, ओरडतो. त्यात रस नाही. सायक्लॉप्समध्ये तसे घडत नाही. तिथे सुकाणूपुढे आपल्याच पाणबुडीची छोटीशी आकृती तरंगत असते. भेग कुठे पडली ते तिच्यावर दिसते. शेजारी आवाजाची पातळी आणि जवळ आलेल्या जनावरांच्या खुणा दिसतात. म्हणजे आपण संकटात असतो आणि संकटातल्या स्वतःकडे बाहेरूनही पाहत असतो. त्यात भर नौकेच्या जडपणाची: घाबरून काही झटपट करता येईल अशी तिची जातच नाही. इंजिन बंद करून जनावर जवळून निघून जाईतो आपण अंधारात उभे असतो, त्या मिनिटभरात करण्याजोगे काहीही उरत नाही. हरीण थांबलेले असते आणि रथाच्या चाकांचा आवाज ऐकत असते. आमच्या मते भीतीचा रस होण्यास लागणारे अंतर या गेमने कथेतून नव्हे, वर्णनातून नव्हे, तर सुकाणूच्या रचनेतून निर्माण केले आहे.

नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी १९९७मध्येच असा विचार मांडला होता की काही संहिता पार करण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम करावे लागतात आणि त्या श्रमांचीच समीक्षा व्हायला हवी. आपल्याकडे तो विचार पोचला तो पारिभाषिक शब्दांपुरता. श्रम राहिले, कथानकाचे सारांश आले.

यावर एक खोडा घालता येईल: गेम जतन करून ठेवता येतो, बुडालो तर पुन्हा तिथून सुरू, मग भय कसले? पण शाकुंतलाच्या प्रत्येक प्रयोगात ते हरीण वाचतेच, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते काय? आणि एकदाच मरण्याची मुभा देणारा कडक प्रकारही या गेममध्ये आहेच. ज्यांना आपली निष्ठा सिद्ध करायची आहे त्यांनी तो खुशाल खेळावा. याहून गंभीर वाटतो तो लुटीचा मुद्दा. सारा समुद्र म्हणजे धातूचे कोठार, अशी या गेमची दृष्टी आहे. शेवटचे बिल तिची थट्टा करते, पण पन्नासएक तास ती आपल्या हातून राबवूनही घेते. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

२०२१च्या मे महिन्यात आलेला ‘बिलो झीरो’ हा पुढचा भाग आमच्या म्हणण्याचा उलट बाजूने पडताळा देतो. त्यात नायिका बोलते, तिला बहिणीच्या मृत्यूचा शोध घ्यायचा आहे, संवाद पुष्कळ आहेत. ‘आता गेममध्येही कथा असते’ म्हणणाऱ्यांनी तो अवश्य दाखवावा. सायक्लॉप्स मात्र त्यात नाही. तिच्या जागी डब्याला डबा जोडत जाणारी, चपळ, सुटसुटीत गाडी आहे. कथा वाढली आणि भय उथळ झाले.

त्या विद्यार्थिनीला आम्ही सुचवले ते असे: कथानक आणि पात्रचित्रण ही प्रकरणे काढून टाकावीत. लॉस्ट रिव्हरमधला एकच प्रवास घ्यावा, वेग केव्हा बदलला, इंजिन केव्हा बंद केले, किती वेळ थांबलो, याची क्षणाक्षणाची नोंद करावी आणि ती विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या चौकटीत मांडून पाहावी. चौकट जिथे तुटेल तिथे तसे स्पष्ट लिहावे. जून महिन्यात ती नवा आराखडा त्याच समितीपुढे ठेवणार आहे.