हवा गेलेला चेंडू

पहाटे औंढा–वसमत रस्त्यावर शिरड शहापूरच्या अलीकडे-पलीकडे थोडा वेळ उभे राहून पाहा. अंगात बनियन, पायात झिजलेले बूट, अशी पोरे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतील. ही पोलीस भरतीची पोरे. 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15, हा 50 गुणांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. यात आपल्या वस्तीतली पोरेही असतात. पण हातात घड्याळ धरून उभा राहणारा, चुकीचा पडणारा पाय दाखवणारा आणि धावून झाल्यावर "काल पुस्तक उघडलं होतं का?" असे विचारणारा माणूस त्यांच्यासोबत क्वचितच असतो. आज ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, ते आयुष्यभर हाच प्रश्न विचारत राहिले. त्यांचे नाव जॉन थॉम्प्सन. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते मुख्य प्रशिक्षक होते.

बास्केटबॉल हा काही आपल्या खेड्यापाड्याचा खेळ नव्हे. आपले खेळ कबड्डी, कुस्ती, खो-खो. मग एका अमेरिकन कोचशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या काळ्या माणसांच्या लढ्याकडे पाहण्याची नजर आपल्याला तेव्हापासून मिळालेली आहे.

थॉम्प्सन यांचा जन्म 1941 चा, वॉशिंग्टन शहरातला. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते कारखान्यात राबायचे. लहानपणी हा मुलगाही वाचनात मागे पडला आणि शाळेने त्याला मंदबुद्धी ठरवले. पुढे एका शिक्षिकेने त्याच्यावर विश्वास टाकला आणि पोरगा सावरला. आपल्यातल्या किती जणांना हा अनुभव ओळखीचा वाटेल! "याच्या डोक्यात काही शिरत नाही" हे वाक्य ऐकत आपल्या पिढ्या शाळेच्या मागच्या बाकावर बसलेल्या आहेत.

पुढे ते मोठे खेळाडू झाले. बोस्टन सेल्टिक्स या नामवंत व्यावसायिक संघात दोन वर्षे खेळले आणि दोन्ही वर्षी तो संघ विजेता ठरला. पण त्यांचे खरे काम सुरू झाले ते मैदानाच्या बाहेरून. आधी एका शाळेत त्यांनी मुलांना शिकवले आणि 1972 मध्ये जॉर्जटाउनने त्यांना बोलावले. त्याआधीच्या हंगामात या संघाने 3 सामने जिंकले होते आणि 23 हरले होते.

हे विद्यापीठ कोणते? 1838 मध्ये कर्जातून वाचण्यासाठी ते चालवणाऱ्या धर्मगुरूंनी 272 गुलाम स्त्री-पुरुष-मुले विकली, ते हे विद्यापीठ. ज्या इमारतींच्या हिशेबात माणसांची किंमत मिसळलेली होती, तिथे एक काळा माणूस प्रशिक्षक म्हणून आला. त्याचे स्वागत कसे झाले? 1975 मध्ये संघ लागोपाठ हरत होता, तेव्हा त्यांच्याच व्यायामशाळेत त्यांच्या वंशावरून शिवी लिहिलेली चादर फडकवली गेली. गोरा कोच हरला तर डावपेच चुकले म्हणतात, काळा कोच हरला तर त्याचा वर्ण चुकला म्हणतात. आपल्याकडच्या कार्यालयांतही हेच चालते. इतरांच्या हातून फाईल चुकली तर ती चूक असते, आपल्या माणसाच्या हातून चुकली तर तो 'कोट्यातला' असतो.

थॉम्प्सन डगमगले नाहीत. 1982, 1984 आणि 1985 अशा तीन वर्षी त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. 1984 मध्ये ह्यूस्टनला 84–75 असे हरवून संघाने विजेतेपद घेतले. या सर्वोच्च पातळीवर विजेतेपद मिळवणारे ते पहिले काळे मुख्य प्रशिक्षक ठरले. वर्तमानपत्रांनी 'पहिले' या शब्दाचा गाजावाजा केला, तर ते भडकले. आपल्याआधी कुणाच्यात कुवतच नव्हती असा त्याचा अर्थ होतो, कुवत होती पण संधी नाकारली गेली, हे त्यांचे म्हणणे होते. आणि ते खरेच होते. जॉन मॅक्लेंडन नावाचे काळे प्रशिक्षक या खेळाचे जनक जेम्स नायस्मिथ यांच्याकडेच कॅन्सस विद्यापीठात शिकले होते. रंगामुळे त्यांना तिथल्या संघात खेळू दिले नाही. पुढे त्यांनी एका काळ्यांच्या महाविद्यालयाला 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन वर्षे छोट्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता केले. मोठे दार मात्र त्यांच्यासाठी बंदच होते.

आपल्याकडे पालवणकर बाळूंचे काय झाले? 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार समाजातला गोलंदाज. पुण्यात त्याला चहा मिळायचा तो तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला रीतसर कधीच दिले गेले नाही. ते मिळाले त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, 1923 मध्ये. बाळूंमध्ये गुण नव्हते असे कोण म्हणेल?

थॉम्प्सन यांचे मोठेपण मात्र नुसत्या करंडकात मोजायचे नाही. त्यांच्या टेबलावर हवा गेलेला एक चेंडू कायम ठेवलेला असे. खेळ एक दिवस संपतो, चेंडूतली हवा जाते, मग तुझ्याजवळ काय उरेल, हे त्यांना प्रत्येक पोराला दाखवायचे होते. मेरी फेनलन नावाच्या शिक्षिकेला त्यांनी शाळेतून सोबत आणले. खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. सामन्याच्या वेळी ती संघाच्या बाकावर बसायची! त्यांच्याकडे चार वर्षे टिकलेल्या खेळाडूंपैकी 97 टक्के पदवीधर झाले. पॅट्रिक युइंग पदवी घेऊनच 1985 मध्ये व्यावसायिक खेळात गेला. 27 वर्षांत थॉम्प्सन यांनी 596 सामने जिंकले, पण आमच्या मते त्याहून मोठा आकडा हा 97 चा आहे. सगळेच त्यांच्या मनासारखे झाले असेही नाही. तुरुंगातून आलेल्या ॲलन आयव्हर्सनला आईच्या विनंतीवरून त्यांनी संघात घेतले, तो दोन वर्षांतच पदवी न घेता पैशाच्या खेळात गेला. पण दार उघडले ते थॉम्प्सन यांनीच.

आता तारीख लक्षात ठेवा. 14 जानेवारी 1989. त्या आठवड्यात अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने 'प्रपोझिशन 42' नावाचा नियम मंजूर केला. शाळेतले ठरावीक गुण आणि प्रवेश परीक्षेत 1600 पैकी किमान 700 हे दोन्ही नसतील, तर त्या खेळाडूला पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच द्यायची नाही. आधीच्या नियमात अशा मुलाला पहिले वर्ष खेळता येत नसे, पण शिष्यवृत्तीवर शिकता येत असे. आता शिकण्याचेच दार बंद. याचा मार कुणावर पडणार होता? गरीब वस्तीतल्या, मोडक्या शाळांत शिकलेल्या काळ्या मुलांवर. बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होणार, तोच थॉम्प्सन उठले आणि हजारो प्रेक्षकांसमोर मैदान सोडून निघून गेले. पुढचाही सामना त्यांनी सोडला. देशभर चर्चा झाली. वर्षभरात संघटनेला नियम नरम करावा लागला आणि अशा मुलांना गरजेनुसार मदत घेण्याची वाट मोकळी झाली.

14 जानेवारी ही तारीख मराठवाड्यातल्या आंबेडकरी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला, आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. दोन तारखांचा मेळ हा योगायोग आहे. पण दोन्हीकडे भांडण विद्येच्या दारावरच होते.

थॉम्प्सन यांना विरोध फक्त गोऱ्यांनीच केला असे नाही. टेनिसचे थोर काळे खेळाडू आर्थर ॲश यांनी कडक नियमाची बाजू घेतली. आपल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणे हाच त्यांचा अपमान आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या पोरांनी अभ्यासात सूट मागत बसू नये, हे आम्हालाही पटते. पण अभ्यास करून घेणे वेगळे आणि अभ्यासाची संधीच काढून घेणे वेगळे. बाबासाहेब 1907 मध्ये मॅट्रिक झाले ते 750 पैकी 282 गुणांनी. त्या आकड्यावर बोट ठेवून सयाजीरावांनी शिष्यवृत्ती नाकारली असती तर? कोलंबिया नाही, लंडन नाही आणि संविधानाचा शिल्पकारही नाही! गुण हे कुठून सुरुवात केली ते सांगतात. माणूस कुठवर जाईल ते सांगत नाहीत.

आपल्या देशात उत्तम प्रशिक्षकाला 1985 पासून केंद्र सरकार पुरस्कार देते. त्याचे नाव 'द्रोणाचार्य'. ज्यांना तो मिळाला त्यांच्या मेहनतीविषयी तक्रार नाही. पी. टी. उषाला घडवणारे नंबियार पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत होते. पण गुरूचा आदर्श कोण? ज्याने शिकवले नाही आणि तरी अंगठा मागितला तो? शिष्यवृत्ती काढून घेणे हेही अंगठा मागणेच आहे. थॉम्प्सन त्या अंगठ्याच्या बाजूने उभे राहिले. असा गुरू आपल्याला हवा आहे.

तो कुठून आणायचा? बाहेरून येणार नाही. सैन्यातून, पोलिसांतून निवृत्त झालेले आपले बांधव आता गावोगाव आहेत. त्यांनी सकाळचा एक तास रस्त्यावरच्या या पोरांना द्यावा. विहाराच्या एका खोलीत संध्याकाळी दिवा लागावा, तिथे धावणाऱ्या पोरांनी गणित सोडवावे. भीमजयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चातला काही भाग गोळा, चांगले बूट आणि पुस्तकांसाठी काढून ठेवावा. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याची माहिती खऱ्या खेळाडूंपर्यंत पोहोचवावी, कारण बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणारे या राज्यात सापडलेले आहेत. आणि आपल्या मुलींना विसरू नये, 800 मीटर धावणारी पोरगीही त्याच रस्त्यावर आहे.

भरतीत जागा मोजक्या असतात. धावणाऱ्या शंभरातली बहुतेक पोरे घरी परततात. तेव्हा त्यांच्या हातात काय असेल, हे आज ठरवायचे आहे. थॉम्प्सन 30 ऑगस्ट 2020 ला गेले. हवा गेलेला तो चेंडू आपल्याही प्रत्येक समाजमंदिरात ठेवावा आणि धावून आलेल्या पोराला पाणी देताना विचारावे, "बाळा, आज काय वाचलंस?"

जयभीम.